आनंदामाइड पुसून टाकणारं एन्झाइम : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात गांजातल्या रसायनांवर लिहिलं होतं आणि शेवटी शेवटी एका ओळीत 'फा' नावाच्या एन्झाइमचा उल्लेख केला होता. आलेली पत्रं आणि मेसेज बहुतेक सगळे त्या एका ओळीवरच आहेत, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. मी वीसेक वर्षं फार्मसीच्या पोरांना फार्माकॉलॉजी शिकवलं आणि या विषयाने मला कधी कंटाळा येऊ दिला नाही, तेव्हा उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

नाशिकहून एक वाचक विचारतात : व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की मेंदूत 'आनंदामाइड' नावाचं द्रव्य असतं आणि ते नाव संस्कृतातून घेतलंय. खरं आहे का? आणि तुम्ही लिहिलेलं ते एन्झाइम त्याचं काय करतं?

मेसेज खरा आहे. नाव संस्कृत 'आनंद' वरूनच ठेवलंय, पुढचं 'अमाइड' हे रसायनशास्त्रातलं. पण मला नावापेक्षा ते सापडलं कसं ही गोष्ट जास्त भारी वाटते.

गांजाची नशा ज्याने चढते ते टीएचसी 1964 मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळं काढलं. ते मेंदूत नक्की कुठे जाऊन बसतं हे मात्र पुढची चोवीस वर्षं कळलं नव्हतं. 1988 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिवेन यांनी उंदराच्या मेंदूत त्याची बसायची जागा, म्हणजे रिसेप्टर, दाखवून दिला, तोच आजचा सीबी-1. आणि मग साहजिक प्रश्न आला की एका झाडाच्या चिकासाठी मेंदू कशाला कुलूप बनवून ठेवेल, म्हणजे शरीराची स्वतःची काहीतरी किल्ली असणारच. डिवेन मग मेकूलमांच्या लॅबमध्ये गेले, तिथे चेक रसायनतज्ज्ञ लुमीर हनुश होते, त्यांनी डुकरांचे मेंदू वाटून, गाळून, पुन्हा गाळून शेवटी अगदी कणभर तेलकट पदार्थ हातात घेतला, 1992 मध्ये. तीच ती किल्ली, आनंदामाइड. तीन वर्षांनी दुसरीही किल्ली सापडली, तिला 2-एजी म्हणतात, पण आज तिच्या वाटेला जात नाही, तिला तोडणारं एन्झाइम वेगळं आहे.

आता एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणायचे तेच. मेंदूतली बरीचशी निरोप्या रसायनं आधीच तयार करून छोट्या पुड्यांमध्ये भरून ठेवलेली असतात, डब्यात पोळ्या करून ठेवाव्यात तशी. आनंदामाइडचं तसं नाही, ते तव्यावरून थेट ताटात. पेशीच्या आवरणातल्या चरबीतूनच गरज पडली की बनतं, आपलं काम करतं आणि काही मिनिटांत संपतं. संपतं म्हणजे कोणीतरी संपवतं. पेशीच्या आत पडद्याला चिकटून बसलेलं एक एन्झाइम त्याचे दोन तुकडे करतं, एक ॲराकिडोनिक ॲसिड आणि एक इथेनॉलअमाइन, आणि दोन्ही तुकडे शरीर परत वापरून टाकतं. जेवण झालं की ताट उचलणारा माणूस असतो ना, तसं. त्याचं पूर्ण नाव फॅटी ॲसिड अमाइड हायड्रोलेज, पण लॅबमध्ये सगळे 'फा'च म्हणतात, मीही तेच म्हणते.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकते कारण चार-पाच पत्रांत तो आहे : फा गांजा तोडत नाही. टीएचसीची रचना आनंदामाइडपेक्षा पूर्ण वेगळी आहे, ते फाच्या दातांत सापडतच नाही, त्याचा निकाल लागतो यकृतात वेगळ्याच एन्झाइमांकडून, आणि त्यातलं बरंचसं आधी चरबीत जाऊन मुरतं. म्हणून आनंदामाइडचा परिणाम मिनिटांचा आणि जिथे बनलं तिथल्यापुरता, तर टीएचसीचा तासांचा आणि सगळ्या मेंदूभर. एकाच कुलपाला दोन्ही किल्ल्या लागतात, पण एक किल्ली घरच्या माणसाच्या हातात आहे आणि दुसरी कोणाच्याच हातात नाही, एवढा फरक आहे तो.

पुण्याहून बी.फार्म.चा विद्यार्थी : मॅडम, फा बंद केलं तर शरीराचंच आनंदामाइड वाढेल, मग गांजाशिवाय वेदना कमी होतील, भीती कमी होईल. इतकं सोपं लॉजिक असताना औषध बाजारात का नाही?

बाळा, तू विचारलंस ना तेच लॉजिक जगभरातल्या मोठमोठ्या लोकांनी वीस वर्षं धरलं, आणि ते चुकीचं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात झोपेपासून आहे. कॅलिफोर्नियात ला होया इथे स्क्रिप्स रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बेंजामिन क्रॅव्हॅट नावाचा तरुण संशोधक जागरण केलेल्या मांजरांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडलेल्या एका द्रव्यावर काम करत होता, ओलिअमाइड त्याचं नाव, ते उंदरांना टोचलं की उंदीर झोपतात. ते मोडतं कशाने हे शोधता शोधता त्यांनी उंदराच्या यकृतातून एक एन्झाइम शुद्ध करून त्याचं जीन 1996 मध्ये मिळवलं, आणि लक्षात आलं की हेच तर आनंदामाइडही तोडतं. त्याच्या तीन वर्षं आधी न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रुकला डेल डॉइच यांनी आनंदामाइड तोडणारं काहीतरी पेशीत आहे हे दाखवलंच होतं, आता त्या 'काहीतरी'ला चेहरा मिळाला. झोप शोधायला निघाले आणि आनंदाचा झाडू सापडला!

2001 मध्ये क्रॅव्हॅटच्या गटाने फा नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या मेंदूत आनंदामाइड साधारण पंधरा पट जास्त होतं, वेदना कमी जाणवत होत्या, पण ते नशेत मुळीच नव्हते, नेहमीसारखे खात होते, फिरत होते. ही गोष्ट नीट लक्षात घे, कारण सगळी आशा इथून सुरू झाली. 2003 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनला डॅनिएल पिओमेली आणि त्यांच्या इटलीतल्या सहकाऱ्यांनी यूआरबी-597 नावाचं फा बंद करणारं रसायन उंदरांना दिलं तर उंदरांची भीती कमी झाली, आणि टीएचसी दिल्यावर उंदीर जसे लाकडासारखे ताठ पडून राहतात तसं काहीच झालं नाही. म्हणजे बाहेरून आग लावायची नाही, घरातलीच पणती जरा जास्त वेळ तेवू द्यायची. कोणाला आवडणार नाही अशी कल्पना?

मग माणसांवरच्या चाचण्या आल्या. फायझरचं पीएफ-04457845 हे औषध गुडघ्याच्या संधिवातावर तपासलं. औषधाने आपलं काम चोख केलं, रक्तातल्या पेशींतलं फा जवळपास पूर्ण बंद पडलं, आनंदामाइडही वाढलं. पण गुडघा दुखायचा थांबला नाही. शेजारी तुलनेला नॅप्रॉक्सेन हे साधं वेदनाशामक ठेवलं होतं त्याने आराम पडला, याने नाही. 2012 मध्ये हे छापून आलं तेव्हा मी वर्गात त्या आलेखांच्या झेरॉक्स वाटल्या होत्या, पोरांना वाटलं मी चुकीचं पान दिलं!

असं का झालं, तर आनंदामाइड एकाच दारातून जात नाही. लवंगी मिरची चावल्यावर तोंडात जो रिसेप्टर पेटतो, टीआरपीव्ही-1, तो आनंदामाइडनेही उघडतो, हे 1999 मध्ये दाखवलं गेलंय. म्हणजे सीबी-1 मधून वेदना शांत होतात आणि त्याच वेळी मिरचीच्या दारातून ठिणगीही पडू शकते. शिवाय फाची वाट बंद झाली की उरलेल्या आनंदामाइडला दुसरी एन्झाइमं उचलतात, त्यात सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिनं जिथे बनतात ते कॉक्स-2 सुद्धा आहे. आणि फा एकटं आनंदामाइडच तोडत नाही, त्याच जातीची आणखी चार-सहा द्रव्यं तोडतं, झाडू थांबला की तीही सगळी साचतात.

आता जे लिहायचंय ते लिहिताना हात जड होतो. जानेवारी 2016, फ्रान्समधलं रेन शहर. पोर्तुगालच्या एका कंपनीचं बीआयए 10-2474 हे फा बंद करणारं औषध निरोगी स्वयंसेवकांवर तपासत होते. कमी डोस घेतलेल्या बऱ्याच जणांना मोठा त्रास काही झाला नव्हता. शेवटच्या गटात सहा जणांना रोज 50 मिलिग्रॅम सुरू केलं, पाचव्या दिवशी एकाला त्रास सुरू झाला, त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या पाचांना पुढचा डोस दिला गेला. पहिला माणूस वारला. इतर चौघांना मेंदूचा त्रास झाला. ते आजारी नव्हते रे, धडधाकट माणसं होती, दुसऱ्यांसाठी औषध तयार व्हावं म्हणून स्वतःचं शरीर देऊन बसली होती. एक माणूस रात्री हॉस्पिटलात असताना सकाळी बाकीच्यांच्या हातात गोळी ठेवणं हे मला कधीच पटलेलं नाही, फ्रान्समधल्या चौकशीतही त्यावर बोट ठेवलं गेलंच.

सगळ्यांनी धरून चाललं की फा बंद करणंच धोक्याचं. इतर कंपन्यांनीही आपापल्या चाचण्या थांबवल्या. पण 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या मारिओ व्हॅन डर स्टेल्ट यांच्या गटाने, क्रॅव्हॅटच्या लोकांना बरोबर घेऊन, एक फार सुंदर काम केलं. क्रॅव्हॅटने मधल्या वर्षांत एक तंत्र विकसित केलं होतं, त्यात चालू असलेल्या एन्झाइमांनाच चिकटणारी चमकदार रसायनं सोडतात, मग जेलीसारख्या पातळ थरावर प्रत्येक चालू एन्झाइमची एक पट्टी उजळते, आणि औषधाने जे जे बंद पाडलं असेल तेवढ्याच पट्ट्या विझलेल्या दिसतात. समज, लोडशेडिंगमध्ये टेकडीवर उभं राहून गावातल्या कोणकोणत्या गल्ल्या अंधारात गेल्या ते बघायचं. फायझरच्या औषधाने फाची एकच गल्ली अंधारात गेली होती. बीआयए 10-2474 ने मात्र चरबी हाताळणारी आणखी कितीतरी एन्झाइमं विझवली होती, आणि चेतापेशींमधल्या चरबीचा सगळा हिशोबच बिघडला होता. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, तर ऑगस्ट 2016 मध्येच म्हटलं होतं की हा विषारीपणा या एका औषधाचा आहे, त्या वर्गातल्या बाकीच्यांना लागू होत नाही.

तुझ्यासाठी अभ्यासातली गोष्ट इथे आहे बघ. फा हे सेरीन हायड्रोलेज, म्हणजे त्याच्या गाभ्यात सेरीन नावाचं अमिनो ॲसिड, साखळीतलं 241 नंबरचं, कापायचं काम करतं. त्याला बंद पाडणारी ही औषधं त्या सेरीनला कायमची चिकटतात, किल्ली कुलपात तुटून अडकावी तशी, नवीन फा तयार होईपर्यंत ते एन्झाइम गेलंच. आणि शरीरात अशा सेरीनवाल्या एन्झाइमांची मोठी खानदान आहे, दोनशेच्या वर. किल्ली जरा सैल घडवली की ती शेजाऱ्यांच्याही कुलपात तुटते. व्हायव्हाला 'सिलेक्टिव्हिटी म्हणजे काय' विचारलं तर पाठ केलेली व्याख्या सांगू नकोस, रेनची गोष्ट सांग.

सांगलीहून एक शिक्षिका : फा नसलेले उंदीर ठीक, पण अशी माणसं असतात का?

पूर्ण नसलेली नाही, पण कमी असलेली असतात, आणि बरीच असतात. फाच्या जीनमध्ये 385 व्या जागी सी ऐवजी ए हे अक्षर असलेली माणसं सगळ्या जगात आहेत, त्यांच्यात एन्झाइम लवकर मोडतं म्हणून थोडं कमी भरतं. भीतीची आठवण विझायला अशा लोकांना कमी वेळ लागतो असं 2015 मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी उंदरांत आणि माणसांतही दाखवलंय. उलट 2002 चं एक काम याच बदलाचा संबंध व्यसनाशीही जोडतं, त्यामुळे हे वरदान वगैरे म्हणायची घाई नको.

पण तुम्हाला सांगायची गोष्ट स्कॉटलंडमधल्या एका बाईंची आहे. पासष्टी उलटेपर्यंत त्यांना माहीतच नव्हतं की त्यांच्यात काही वेगळं आहे. खुब्याचा सांधा पार झिजलेला, पण दुखणं नाही. मग हाताचं ऑपरेशन झालं, जे चांगल्या चांगल्यांना रडवतं, आणि बाईंनी नंतर वेदनेचं औषधच मागितलं नाही. इन्व्हरनेसच्या हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ देवजित श्रीवास्तव यांना ते खटकलं, त्यांनी विषय सोडून दिला नाही, बाईंना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जेम्स कॉक्स यांच्या गटाकडे पाठवलं. तिथे जीनची तपासणी झाली तर त्यांच्यात ते 385 वालं अक्षर होतंच, शिवाय फाच्या जीनच्या पुढचाच एक तुकडा गळालेला होता. त्या तुकड्याला तोवर कोणी विचारतही नव्हतं, निकामी जीन म्हणून पडून होता, त्याचं नाव ठेवलं 'फा-आउट'. रक्तात आनंदामाइड नेहमीच्या जवळपास दुप्पट. हे 2019 मध्ये ब्रिटिश भूलशास्त्राच्या नियतकालिकात आलं.

बाई स्वभावाने अतिशय आनंदी, घाबरणं माहीत नाही, जखमा भराभर भरतात. हे वाचून हेवा वाटतो ना? पण हात भाजलाय हे त्यांना मांस जळल्याचा वास आला की कळायचं. आणि त्या विसरायच्या पण खूप, बोलता बोलता शब्द सापडायचा नाही. तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहून एकदा विचार करा, फोडणीचा थेंब हातावर उडतो आणि आपण 'आई गं' म्हणून हात मागे घेतो, ते मागे घेणंच नसेल तर दिवसातून किती वेळा भाजेल. वेदना पूर्ण पुसून टाकणं हे औषधाचं ध्येय असू नये असं मला या एका केसवरून ठाम वाटतं.

सोलापूरहून एक ताई : आईला गुडघेदुखी आहे. भाच्याने परदेशातून सीबीडी तेलाची बाटली पाठवली, म्हणाला हे फाला थांबवतं, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही. आईला रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. देऊ का?

ताई, आधी उत्तर आणि मग कारण : तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक थेंबही देऊ नका, आणि देऊन झालं असेल तर याच आठवड्यात आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आकडा, तपासून घ्या.

कारण असं. सीबीडी, म्हणजे गांजाच्या झाडातलंच पण नशा न आणणारं रसायन, आपलं फा थांबवतं हे वाक्य उंदरांवरून आलंय. 2001 पासूनच्या प्रयोगांत उंदराचं फा सीबीडीने थोडं दबतं हे दिसलं आणि ते वाक्य इंटरनेटवर तसंच पसरलं. 2015 मध्ये स्टोनी ब्रुकच्याच लोकांनी माणसाचं फा घेऊन तपासलं तर सीबीडीने ते दबलंच नाही. त्यांना दिसलं ते वेगळंच. आनंदामाइड तेलकट असल्यामुळे पेशीतल्या पाण्यातून एकटं जाऊ शकत नाही, त्याला फापर्यंत उचलून नेणारी हमाल प्रोटिनं असतात, सीबीडी त्या हमालांच्या पाठीवर जाऊन बसतं, मग आनंदामाइड फापर्यंत पोचायला उशीर होतो. जर्मनीत 2012 मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना सीबीडी दिलं तेव्हा रक्तातलं आनंदामाइड वाढलेलं दिसलंही होतं. म्हणजे भाचा पूर्ण चुकलेला नाही, पण उंदराचं वाक्य माणसाला लावलंय त्याने.

खरी काळजीची गोष्ट दुसऱ्याच एन्झाइमांची आहे. यकृतात औषधं निकाली काढणारी एन्झाइमं असतात, सीवायपी म्हणतात त्यांना. माणसाच्या शरीरात सीबीडी यातल्या काहींना अडवतं, आणि वॉरफरिनचा निकाल लावणारी एन्झाइमं त्यातच येतात. मग वॉरफरिन साठत जातं, रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं, सीबीडी सुरू केल्यावर आयएनआर चढल्याचं डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. वॉरफरिनवरच्या सत्तरीच्या बाईला बाथरूममध्ये पडून नुसता डोक्याला मार लागला तरी काय होऊ शकतं ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही पाठवलेला लेबलचा फोटो मोठा करून वाचला. 30 मिलिलिटरमध्ये 1000 मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे एका मिलीत 33, एका मिलीचे वीसेक थेंब धरले तर थेंबाला दीड-पावणेदोन मिलिग्रॅम, पाच थेंब म्हणजे आठेक मिलिग्रॅम. आता तुलनेला, लहान मुलांच्या हट्टी फिट्सवर एफडीएने 2018 मध्ये सीबीडीचंच जे औषध मंजूर केलं ते वीस किलोच्या पोराला दिवसाला साधारण 200 मिलिग्रॅमच्या घरात देतात, आणि तेही यकृताच्या तपासण्या करत करत, कारण क्लोबाझाम किंवा व्हॅलप्रोएट ही फिट्सचीच दुसरी औषधं चालू असतील तर त्रास होऊ शकतो. म्हणजे गुडघ्याला उपयोग व्हायला तुमचे पाच थेंब फारच थोडे, आणि डोस वाढवत नेला तर वॉरफरिनशी गाठ. दोन्हीकडून घाटाच.

भाच्यावर रागावू नका, त्याने मायेनेच पाठवलंय. फक्त त्याला सांगा की पुढच्या वेळी अशी बाटली बॅगेत टाकण्याआधी विचार कर. आपल्याकडे 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आहे, त्यात पानं आणि बिया वगळल्यात, पण झाडाचे शेंडे, चरस आणि त्यापासून केलेले पदार्थ नाहीत, आणि तेल नक्की कशापासून काढलंय हे विमानतळावर सिद्ध करत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

ठाण्याहून एक आजोबा : रोजच्या वापरातल्या कुठल्या औषधाचा या फाशी संबंध आहे का?

आहे, आणि ते तुमच्या डब्यात असणार. पॅरासिटामॉल! 2005 मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी दाखवलं की यकृतात पॅरासिटामॉलचा एक भाग पी-अमिनोफिनॉल होतो, तो मेंदूत जातो आणि तिथे फा त्याला ॲराकिडोनिक ॲसिड जोडून एएम-404 नावाचं नवीन द्रव्य बनवतं. म्हणजे आयुष्यभर तोडायचं काम करणारं एन्झाइम इथे जोडायचं काम करतं. हे एएम-404 त्या मिरचीच्या रिसेप्टरवर चढतं आणि आनंदामाइडला पेशीत ओढून नेण्याचं कामही मंदावतं. फा नसलेल्या उंदरांना पॅरासिटामॉलने वेदनेत आरामच पडेना, यावरून या वाटेचं महत्त्व कळलं. शंभरपेक्षा जास्त वर्षं माणसं वापरतायत ते औषध! मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती खरंच. अर्थात यावरून जास्त गोळ्या घेऊ नका आजोबा, जास्त झालं की यकृत जातं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

अमरावती : चॉकलेटमध्ये आनंदामाइड असतं म्हणे?

असतं, 1996 मध्ये सापडलंय, आणि फाला अडवू शकणारी त्याची भावंडंही त्यात मिळाली. पण प्रमाण इतकं नगण्य की त्याने काही व्हायच्या कितीतरी आधी पोट बिघडेल. चॉकलेट आवडतं म्हणून खा.

नागपूरहून एक बहीण : भाऊ चोवीस वर्षांचा आहे, चार वर्षं रोज गांजा ओढायचा. आता सोडलाय, सहावा दिवस आहे. झोपत नाही, जेवत नाही, सगळ्यांवर ओरडतो, घामाघूम होतो. घरचे म्हणतात गांजाची सवय लागतच नाही, हा नाटक करतोय. हे एन्झाइम यात काही करू शकतं का?

तुमचं पत्र शेवटी ठेवलं पण वाचलं सगळ्यात आधी, आणि मेलवर उत्तरही पाठवलंय, इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

नाटक नाही. रोज बाहेरून टीएचसी येत राहिलं की मेंदू आपले सीबी-1 रिसेप्टर कमी करतो, अमेरिकेत रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन काढून 2012 मध्ये हे प्रत्यक्ष दाखवलंय. आता टीएचसी बंद झालं, कुलपं कमी झालेली, आणि घरची किल्ली जी आहे ती फा नेहमीच्या वेगाने तोडतंय, म्हणजे भावाच्या मेंदूत सध्या शांत करणारा आवाजच कमी झालाय. म्हणून झोप नाही, भूक नाही, चिडचिड. गांजा सोडतानाचा हा त्रास 2013 पासून मानसोपचाराच्या पुस्तकात रीतसर निदान म्हणून आहे. चांगली बातमी त्याच स्कॅनमध्ये आहे : साधारण चार आठवडे न ओढता काढले की ते रिसेप्टर पुन्हा भरून येतात. पहिला आठवडा सगळ्यात वाईट असतो आणि त्यातले सहा दिवस त्याने काढलेत.

आणि तुमच्या एन्झाइमच्या प्रश्नाला उत्तर हो असंच आहे, इथेच मला सगळ्यात जास्त आशा वाटते. गुडघ्यावर हरलेलं ते फायझरचं औषध येल विद्यापीठात गांजा सोडू पाहणाऱ्या 70 पुरुषांवर तपासलं, चार आठवडे, 2019 मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. ज्यांना औषध मिळालं त्यांना सोडतानाचा त्रास कमी झाला, झोप सुधारली, आणि चौथ्या आठवड्यात ते दिवसाला सरासरी 0.4 ग्रॅम ओढत होते तर खोटी गोळी मिळालेले 1.27 ग्रॅम. कुलपं परत येईपर्यंत घरची किल्ली जरा जास्त वेळ हातात राहू देणं, एवढंच केलं त्यांनी. पण ही गोळी दुकानात मिळत नाही, आणि तुम्हाला आज रात्रीचं हवंय, ते मला कळतंय.

तर आज रात्री हे करा. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. जेवत नसेल तर ताट पुढे ठेवून आग्रह करू नका, पेज, ताक, केळं असं थोडं थोडं हातात द्या. घाम येतोय म्हणजे पाणी जास्त लागणार. स्वप्नं विचित्र आणि भयानक पडतील, ते त्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणू नका. दारूवर तो वळत नाही ना हेही बघा, बरीच मुलं तिकडे वळतात. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस 14416, दोन्ही फुकट आहेत, टेली-मानसवर मराठीतही बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात मानसोपचार ओपीडी असते, तिथे त्याला घेऊन जा आणि किती वर्षं, रोज किती, शेवटचं कधी ओढला हे तीन आकडे कागदावर लिहून न्या. भास होत असतील, किंवा मरण्याच्या गोष्टी बोलला, तर उद्याची वाट न बघता लगेच न्या.

आणि घरच्यांना या पानाचा फोटो पाठवा.